पाठ झालेला पाय

मंडळाचं पत्र आलं तेव्हा एसेनकुल तळलेले बोर्सोक चहात बुडवून खात होता. पत्र दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर येई आणि त्यातला मजकूरही कधी बदलत नसे. अपंगत्व कायम आहे की नाही हे पाहण्यासाठी अमुक तारखेला मंडळासमोर हजर राहावं, न आल्यास दाखला रद्द समजावा.

"यंदा तरी पाय सोबत आणा असं लिहिलंय का?" बुबुझाननं किटली ठेवत विचारलं.

"लिहीत नाहीत, पण न्यावा लागतो."

"अकरा वर्षं झाली! पाय म्हणजे काय कांदा वाटला त्यांना? ठेवला कोपऱ्यात की फुटला कोंब?"

एसेनकुल हसला. त्याला मंडळाची भीती नव्हती. उलट, नवे लोकरी मोजे घालायची ती एक हक्काची संधी असे. मोजे काढून दाखवायचे असतात, तेव्हा ते चांगलेच हवेत, असं बुबुझानचं मत होतं आणि त्यासाठी ती दर शरदात एक जोड विणायला घेई.

पायाची गोष्ट अशी होती. एसेनकुल शहर बसचा ड्रायव्हर होता. वीस वर्षांत त्यानं एका कोंबडीलाही धक्का लावला नव्हता. म्हणून आगारानं त्याचा सत्कार केला, खांद्यावर झगा घातला, डोक्यावर नवा कल्पाक ठेवला आणि मानाचा म्हणून एक घोडा दिला. ज्यानं जन्मभर स्टिअरिंग धरलं त्याला घोडा द्यायचा, ही अक्कल कुणाची ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. पण मानाच्या घोड्याला आपल्याकडे नाही म्हणता येत नाही. एसेनकुल कौतुकानं त्याच्या पाठीमागून गेला, आणि वीस वर्षांत न झालेला अपघात दोन सेकंदांत झाला. लाथ गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, हाडाचा जो गोटीएवढा उंचवटा असतो त्यावर बसली. हाड जुळलं. पण त्या उंचवट्याला वळसा घालून कातडीलगत एक नस पुढे जाते, ती तुटली ती तुटलीच. तेव्हापासून उजवं पाऊल लोंबायला लागलं. चालताना तो गुडघा उंच उचले आणि पाऊल फरशीवर थप्प करून पडे. घोडा त्याच हिवाळ्यात पाहुण्यांना जेवायला वाढला गेला, त्यामुळे मनात राग धरायलाही काही उरलं नाही.

कायद्यानं वैद्यकीय महाविद्यालयाला एक जागा अपंगासाठी राखून ठेवावी लागे. ती एसेनकुलला मिळाली. दारातून आत आल्याबरोबर डाव्या हाताला जी खिडकी, तिथे मुलांचे ओले कोट घ्यायचे, पितळी बिल्ला द्यायचा, संध्याकाळी बिल्ला घेऊन कोट द्यायचा. काम साधं, पण त्या खिडकीवर एसेनकुलचा जीव होता. सहाशे पोरं रोज त्याला "काका" म्हणून हाक मारत. घरात मूलबाळ नसलेल्या माणसाला याहून मोठी कमाई कोणती?

एके दिवशी मज्जासंस्थेचे प्रोफेसर कादिर जोरोयेविच कोट द्यायला आले आणि त्यांनी एसेनकुलला कपाटांमध्ये चालताना पाहिलं. त्यांचे डोळे लकाकले.

"चल वर. मोजे काढ."

त्या दिवसापासून एसेनकुल परीक्षेचा रुग्ण झाला. पायाच्या नसांची परीक्षा म्हटली की एसेनकुल. पोरं येत, टाचणीनं टोचत, कापसाचा बोळा फिरवत, छोट्या हातोडीनं गुडघ्यावर ठोकत आणि घाम पुसत. मग प्रोफेसर तो ठरलेला प्रश्न विचारत: "नस बिघडली कुठे? कंबरेत की गुडघ्याशी?" आणि इथेच घोडं पेंड खाई. कारण कंबरेतली नस दबली तरी पाऊल लोंबतं आणि गुडघ्याशी तुटली तरी लोंबतं. फरक एवढाच की गुडघ्याशी तुटली असेल तर पाऊल आत वळवता येतं, कंबरेत बिघाड असेल तर तेही येत नाही. नेमकं हेच पोरं विसरत.

एसेनकुलला ते बघवत नसे. शाळेत असल्यापासून त्याच्या पिढीच्या अंगात एक गोष्ट मुरलेली होती. शेजारचा फळ्यापाशी अडला आणि आपल्याला उत्तर येत असूनही आपण कुजबुजलो नाही, तर आपण माणूस कसले? मग तो खोकल्यासारखं करून हळूच म्हणे, "आत वळवायला सांग, बाळा." प्रोफेसरांना हे कळे. पण प्रोफेसरांनाही निकाल चांगला हवा असे. अकरा वर्षांत अर्ध्या प्रांताचे डॉक्टर एसेनकुलच्या पायावरून पास होऊन गेले.

ठरल्या दिवशी नवे मोजे घालून तो मंडळात गेला. यंदा अध्यक्ष नवीन होत्या, क्लारा सुलतानोव्ना. केस घट्ट बांधलेले, चष्मा साखळीला. वरून कळवलं होतं म्हणे की या प्रांतात अपंग फार झालेत. बाईंच्या शेजारी कारकून टंकत बसली होती, आणि तिच्या पलीकडे पांढऱ्या कोटात, आयझिरेक! चार वर्षांपूर्वी परीक्षेत रडकुंडीला आलेली, आता मंडळाची मज्जातज्ज्ञ. एसेनकुलला घरच्या लग्नात आल्यासारखं वाटलं.

"काय त्रास?" क्लारा सुलतानोव्नांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

एसेनकुलनं घसा साफ केला. "उजवं पाऊल वर उचलत नाही, बोटंही उचलत नाहीत. पाऊल बाहेर वळत नाही, आत मात्र वळतं. नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलाच्या वरच्या बाजूला बधिरता आहे, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात जास्त. गुडघ्याचा झटका शाबूत, टाचेचा शाबूत. कंबर दुखत नाही, खोकल्यावर पायात कळ येत नाही."

टंकणं थांबलं. क्लारा सुलतानोव्नांनी चष्मा काढला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कादिर जोरोयेविचनी," एसेनकुल अभिमानानं म्हणाला.

"अस्सं. डॉक्टर, तपासा जरा."

आयझिरेक उठली. तिनं एसेनकुलकडे बघायचं टाळलं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिनं टाचणी उलटी धरलीय, हे मात्र लगेच आलं. टाचणी जवळ येण्याआधीच तो डोळे मिटून म्हणाला, "इथे नाही कळत. इथेही नाही. आता दोन बोटं वर घे, तिथे कळेल." अकरा वर्षांची सवय ती.

"बिघाड कंबरेत की गुडघ्याशी?" क्लारा सुलतानोव्नांनी विचारलं.

आयझिरेकनं टाचणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कानाच्या पाळ्या लाल. अगदी चार वर्षांपूर्वीचाच चेहरा. एसेनकुलनं खोकल्यासारखं केलं.

"आत वळवायला सांग, पोरी."

खोली लहान होती आणि कारकून टंकत नव्हती.

"काय म्हणालात?" क्लारा सुलतानोव्ना उभ्या राहिल्या. "डॉक्टर, तुम्ही यांना ओळखता?"

आयझिरेकची नेमणूक होऊन अजून महिना झाला नव्हता. तिनं खिडकीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, एसेनकुलच्या नव्या मोज्यांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"तीस वर्षं मी माणसं तपासतेय," क्लारा सुलतानोव्ना म्हणाल्या. "खऱ्या रोग्याला आपलं कुठं दुखतं ते धड सांगता येत नाही. तो म्हणतो, सगळाच पाय गेला हो. आणि हे गृहस्थ घराचा पत्ता सांगितल्यासारखे सांगतायत! लिहा: लक्षणं पढवलेली. सोंग."

"बाई, पण नडगी बघा ना! सुकून काठी झालीय."

"बसून राहिलं की सुकते."

"मग ते विजेचं यंत्र लावून बघा. नस जिवंत आहे की मेलेली ते त्यात कळतं."

"यंत्र दुरुस्तीला गेलंय."

"कधी येईल?"

"ते गेलं तेव्हा मी इथे नव्हते," असं म्हणून बाईंनी शिक्का मारला.

घरी बुबुझाननं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा पाजळायला? आता फेरअर्ज कर. आणि या खेपेला येड्यासारखा बसून राहा. काही विचारलं तर म्हणायचं, देवाला ठाऊक."

फेरअर्जासोबत पुरावा हवा म्हणून तो प्रोफेसरांकडे गेला. कादिर जोरोयेविच मंडळावर भयंकर संतापले. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, सुंदर वळणदार अक्षरात, वर महाविद्यालयाचा शिक्का. "सदर गृहस्थ गेली अकरा वर्षं परीक्षेस रुग्ण म्हणून बसत असून, सर्व लक्षणं बिनचूक आणि दर वेळी हुबेहूब तशीच दाखवतात. त्यांच्यासारखा तयार रुग्ण सबंध प्रांतात नाही."

एसेनकुलनं ते पत्र बुबुझानला दोनदा वाचून दाखवलं. दोघांनाही ते फार आवडलं.

क्लारा सुलतानोव्नांनाही आवडलं. त्यांनी "तयार" या शब्दाखाली लाल रेघ मारली.

"बरं, आज काय त्रास?"

"देवाला ठाऊक," एसेनकुल म्हणाला.

"कुठे बधिर वाटतं?"

"सगळाच पाय गेला हो."

"गेल्या खेपेला तर बेचक्यापर्यंत ठाऊक होतं! महिन्याभरात विसरलात?" बाईंनी कारकुनाकडे वळून सांगितलं, "लिहा. सोंग बदललं, म्हणजे सोंग सिद्ध झालं. या प्रांतात फेरअर्जाचा मार्ग बंद."

आयझिरेक त्या दिवशी रजेवर होती. संध्याकाळी ती कोटाच्या खिडकीपाशी आली. हातात मधाची बरणी होती.

"काका, मी काय करणार होते? ओळखते म्हटलं असतं तर कशी ओळखते तेही सांगावं लागलं असतं. माझी परीक्षा, माझी पदवी..."

एसेनकुलला राग आला होता. खरोखरच आला होता. ही बरणी फरशीवर आपटावी असं एक क्षण त्याच्या मनात येऊन गेलं. पण पोरगी रडायला लागली, आणि रडणाऱ्या पोरीवर ओरडायचं कसं हे त्याला कधीच जमलं नव्हतं.

"जा, डोळे पूस. बाहेर बर्फ आहे, गाल फुटतील," तो म्हणाला. बरणी त्यानं ठेवून घेतली.

आठवड्याभरात कार्यालयातून बोलावणं आलं. अपंगाच्या राखीव जागेवर निरोगी माणूस बसवला तर महाविद्यालयाला दंड होतो, असं अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं. तो भला माणूस होता. "एसेनकुल काका, वाईट वाटून घेऊ नका. उलट अभिनंदन. बरे झालात!" बिल्ल्यांची पेटी मोजून परत घेताना मात्र त्यानं मान वर केली नाही.

एसेनकुल आगारात गेला. तिथे आनंदीआनंद झाला. निम्मे ड्रायव्हर परदेशी कामाला गेलेले, गाड्या उभ्या. आगाराच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं त्याला चार पावलं चालायला लावलं आणि विचारलं, "कुणाचा जीव घ्यायचाय? हा पाय ब्रेकवरून उचलणार कोण, तुझी बायको?"

"मग तसं लिहून द्या ना, डॉक्टर! पाय मेलेला आहे म्हणून लिहून द्या."

"मी फक्त चालवायला अयोग्य एवढं लिहू शकतो. कशामुळे, ते मंडळ ठरवतं."

मंडळानं तर ठरवलंच होतं. आता एसेनकुल खिडकीत बसायला फार धडधाकट होता आणि गाडी चालवायला फार लंगडा. मधल्या जागेसाठी कायद्यात नोकरी नव्हती. तो घरी बसला. बुबुझान पहिले चार दिवस मंडळाला शिव्या देत होती, पाचव्या दिवशी तिनं शिव्या थांबवल्या, आणि तेव्हा त्याला खरी भीती वाटली. सकाळी आठ वाजले की तो उगीचच दाराकडे बघे. आता पोरं कोट कुणाकडे देत असतील?

जानेवारीत कादिर जोरोयेविच स्वतः घरी आले. कल्पाक काढून हातात फिरवत बसले. चहाचे तीन वाडगे झाले तरी मुद्द्यावर येईनात.

"परीक्षा आहे उद्या," शेवटी ते म्हणाले.

"येतो की," एसेनकुल लगेच म्हणाला. "मोजे धुतलेलेच आहेत."

"तसं नाही रे. कागदावर तू निरोगी. निरोगी माणूस लुळ्या पायाचा रुग्ण म्हणून बसवला तर परीक्षा रद्द होईल. पण परीक्षेच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत सतरा नंबरची आहे बघ, 'अशक्तपणाचं सोंग कसं ओळखाल'. तिला आजवर रुग्णच मिळाला नाही. सोंग करणारा कधी कबूल करतो का? आणि तुझ्याकडे तर शिक्क्यानिशी कागद आहे. सबंध प्रांतात अधिकृत सोंगाड्या तू एकटाच."

बुबुझान झटकन उठून बाहेर गेली. भांड्यांचा मोठा आवाज आला.

"जमलं तर विभागात शिपाई म्हणून चिकटवतो तुला," प्रोफेसर घाईघाईनं म्हणाले. "राखीव जागा नाही, साधी. पुन्हा पोरांमध्ये राहशील. फक्त एवढं कर. उद्या बाहेरून परीक्षा मंडळाच्या अध्यक्ष येणार आहेत. नीट होऊ दे."

"कोण अध्यक्ष?"

प्रोफेसर चहाच्या वाडग्यात बघत राहिले. "क्लारा सुलतानोव्ना."

दुसऱ्या दिवशी एसेनकुल खाटेवर बसला. चार पोरं आली. हातोडी ठोकली, टाचणी टोचली, अध्यक्षबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोंग." चौघांना पाचपैकी पाच. पाय तोच, नस तीच, पण आता तिच्या मरणाचं कुणाला सुतक नव्हतं.

पाचवी मेएरिम आली. एसेनकुल तिला ओळखत होता. रोज बिल्ला हरवणारी, रोज माफी मागणारी, डोंगरातल्या गावची पोर. मागच्या खेपेला नापास झालेली. यंदाही गेली तर नाव कमी होणार, हे खिडकीत बसून त्याला कधीच कळलेलं होतं.

तिनं इतरांसारखी घाई केली नाही. दोन्ही नडग्यांना फीत लावून मोजलं. मग म्हणाली, "काका, उभे राहता?" तो उभा राहिला तसा तिनं त्याच्या छातीला हलकेच मागे ढकललं. माणूस मागे झुकला की तोल सावरायला पावलं आपोआप वर उचलली जातात. कितीही सोंग केलं तरी हे थांबवता येत नाही. डावं पाऊल उचललं गेलं. उजवं फरशीला चिकटूनच राहिलं. मेएरिमनं पुन्हा ढकललं, पुन्हा पाहिलं.

"मॅडम," ती म्हणाली, "चिठ्ठीवर सोंग लिहिलंय. पण हे सोंग नाहीये. उजवी नडगी अडीच सेंटिमीटर बारीक आहे. आणि हा पाय खरंच मेलाय."

कादिर जोरोयेविच खुर्चीत सरळ झाले. परीक्षेत बोललेला शब्द नोंदवहीत जातो आणि खाली अध्यक्षांची सही होते, हे अकरा वर्षांत एसेनकुलला पाठ झालं होतं. एकदा का हे वाक्य क्लारा सुलतानोव्नांच्याच सहीनिशी कागदावर उतरलं की राजधानीत अपील करता येईल. दाखला परत. खिडकी परत. पोरीनं फक्त शब्दावर ठाम राहायला हवं होतं, आणि त्यानं फक्त गप्प बसायला हवं होतं.

"पोरी," क्लारा सुलतानोव्ना थंडपणे म्हणाल्या, "मागच्या खेपेचा निकाल माझ्यासमोर आहे. नीट विचार कर. मंडळाचा शिक्का मोठा की तुझी फीत? रोगाचं निदान एकदाच लिहिलं जातं. बोल."

मेएरिमनं हातातली फीत बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. नोंदवही लिहिणाऱ्या कारकुनानं पेन उचललं. प्रोफेसर एसेनकुलकडे बघत होते आणि त्यांची नजर सांगत होती, गप्प बस, बाबा, आज एक दिवस गप्प बस.

एसेनकुलनं दात आवळले. खिडकी आठवली, ओल्या कोटांचा वास आठवला, शिव्या द्यायचं थांबलेली बुबुझान आठवली. मग त्यानं पुन्हा पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

"सोंग म्हण, पोरी," तो कुजबुजला. "सोंग म्हण."

मेएरिमनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरलेले.

"सोंग," ती म्हणाली.

"आत्ता कशी शुद्धीवर आलीस," क्लारा सुलतानोव्ना म्हणाल्या आणि सही केली. "पाच."

एसेनकुलनं मोजे चढवले, बूट घातले, कुणाकडे न बघता दार गाठलं. लांबलचक रिकाम्या व्हरांड्यातून तो निघाला, गुडघा उंच उचलत, पाऊल फरशीवर आपटत. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे बाईंचा आवाज त्याच्या मागोमाग आला.

"बघा, कादिर जोरोयेविच. परीक्षा संपली, बघायला कुणी नाही, तरी लंगडतोय. इतका कसलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही."